‘फादर, सही करू का?’



आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना अलीकडे एक नवा प्रश्न कानी येतो. उशाखालून पंधरा-वीस पानांचा कागद निघतो. कर्करोगावरच्या नव्या औषधाची चाचणी, म्हणजे ट्रायल, चालू आहे आणि डॉक्टरांनी विचारले आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. ‘फादर, सही करू का?’ बहुतेक वेळा उत्तर मुलगा किंवा सून देते.

आधी ट्रायल म्हणजे काय ते समजून घेऊ. पहिल्या टप्प्यात मुख्यतः पाहतात, की औषधाची किती मात्रा शरीराला सोसवते. पुढे पाहतात गुण येतो का, आणि तिसऱ्या टप्प्यात ते चालू उपचारांपेक्षा सरस आहे का. तिथे नवे औषध कोणाला द्यायचे हे बहुधा चिठ्ठी टाकल्यासारखे संगणक ठरवतो. तेव्हा ‘खास बाबांसाठी नवे औषध आले’ असे घरात कोणी बोलू नये. ट्रायलचा पहिला हेतू ज्ञान मिळवणे हा आहे. आपल्याला गुण येईलच असे नाही.

मग सही का करावी? कर्करोग बहुतांशी उतारवयात होतो, पण ट्रायलमध्ये म्हातारी माणसे कमीच घेतली जातात. त्यामुळे थकलेल्या शरीराला औषध कसे मानवते हे डॉक्टरांना पुरेसे कळत नाही. परळच्या टाटा रुग्णालयातील एका ट्रायलचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. तोंड-घशाचा कर्करोग बळावलेले 151 रुग्ण त्यात होते. महागड्या औषधाची नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रा जोडली, तर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. गरिबाला परवडेल असा हा उपचार त्या 151 जणांच्या सह्यांमुळे सापडला. त्यांतले कित्येक आज हयात नसतील.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच सांगितले, की जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय करावेत, पण असह्य ओझे होणारे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. व्हॅटिकनच्या 1980 च्या जाहीरनाम्यानुसार इतर उपाय अपुरे असतील, तर प्रायोगिक व जोखमीचा उपचारही रुग्णाच्या संमतीने घेता येतो. तो स्वीकारणे ही मानवजातीची उदार सेवा होऊ शकते. असे उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, असेही तोच जाहीरनामा सांगतो. पोप दुसरे जॉन पॉल 2005 मध्ये अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. कोणीही त्याला श्रद्धेची उणीव म्हटले नाही.

म्हणजे ‘हो’ही चालते, ‘नाही’ही चालते. चालत नाही ती दुसऱ्याने करवून घेतलेली सही. सेमिनरीत कांट शिकताना डोके दुखायचे, पण त्याचे एक म्हणणे साधे आहे: माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. हे औषध कंपनीला लागू आहे, तसे आपल्या घरालाही. ‘आम्ही सगळे प्रयत्न केले’ हे समाधान मुलांना हवे म्हणून आईने पहाटेची लोकल पकडून परळच्या खेपा घालाव्यात का? आणि ‘या वयात कशाला?’ म्हणून परस्पर नकार कळवणेही तितकेच वाईट. प्रभूने पेत्राला बजावले होते, की म्हातारपणी दुसरेच तुला बांधून नको तिथे नेतील. ते काम निदान मुलांनी करू नये.

सहीपूर्वी डॉक्टरांना विचारा: हा कितवा टप्पा? खेपा किती, रक्ततपासण्या किती? त्रास झाला तर रात्री फोन कोणी उचलेल? ट्रायल नाकारली तर वेदना कमी करणारे उपचार मिळतील ना? कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा आपला हक्क आहे. सही केल्यावरही कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते. ट्रायलमुळे इजा झाल्यास 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. शेजाऱ्यांना विचारण्यापेक्षा हे विचारलेले बरे.

येत्या 11 फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, आजाऱ्यांसाठी मिस्सा व अभ्यंग संस्कार आहे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी नावे कळवावीत, मी घरी येईन. कागद असेल तर चष्म्यासह जवळ ठेवा. आपण बसून वाचू, आणि तेवढा वेळ घरच्यांनी बाहेर ओटीवर बसावे.

आपला,
धर्मगुरू