माशीचं म्हातारपण

पिकल्या केळ्यांवरच्या माश्या मी आजवर टॉवेलने हाकलल्या. मायकेल रोझ या शास्त्रज्ञाने त्यांचं आयुष्य वाढवलं! युक्ती साधी : तरुण माश्यांची अंडी टाकायची, म्हाताऱ्यांचीच ठेवायची. म्हणजे जी टिकेल, तिचाच वंश चालेल. १९८४ साली त्याने निष्कर्ष छापले. पिढ्यान्‌पिढ्या हे केल्यावर माश्या खरंच जास्त जगू लागल्या. मात्र ऐन तारुण्यात अंडी कमी घालू लागल्या. निसर्गाच्या दुकानातही उधारी नाही!

मला आमचे अण्णा आठवले. 'रिटायर झाल्यावर बघू' म्हणत त्यांनी काश्मीर, बाजाची पेटी आणि आईची पैठणी, सगळं पुढे ढकललं. शहाऐंशी वर्षं जगले. पैठणी आली तेव्हा आई नव्हती. ती सुनेने नेसली.

अण्णांचं चुकलं, असंही म्हणवत नाही. त्या ढकललेल्या पैशांतूनच मी शिकलो. पण आयुष्य वाढवायचं ते नेमकं कधी जगण्यासाठी, हे त्या माश्यांना कुणी विचारलं नाही, आणि अण्णांना मीही नाही.

आज केळ्यावर पुन्हा एक माशी बसली. टॉवेल उचलला, आणि खाली ठेवला. खाऊ दे बिचारीला. तरुण दिसतेय.