घरच्या माणसाचे देणे

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात उंद्री म्हणून गाव आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका दुकानदारांनी मध्यंतरी मोठ्या खेदाने आपले गाऱ्हाणे आम्हांस ऐकविले. त्यांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात ११ वर्षे राबलेला माणूस, दरमहा २,००० रुपये अधिक मिळतात एवढ्याच कारणास्तव, खामगावी दुसऱ्या दुकानात निघून गेला. “त्याला नोकर असे आम्ही कधी मानलेच नाही, घरच्यासारखा वागविला. बहिणीच्या लग्नाला पैसे दिले, दर दिवाळीला कपडे केले. आणि शेवटी हे फळ!” असे ते म्हणाले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु तो माणूस खरोखर कृतघ्न ठरतो काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

माणसे टिकत नाहीत, अशी तक्रार आज प्रत्येक लहान व्यावसायिकाच्या तोंडी आहे. कामावर येण्यापूर्वीच नवा माणूस सुटीचा वार विचारतो, घरी जाण्याची वेळ विचारतो. पलीकडच्या गावी काय पगार मिळतो हे त्याला दूरध्वनीवर घरबसल्या कळते. कित्येकांस ह्यात निष्ठेचा ऱ्हास दिसतो. आमचे मत निराळे आहे.

आपल्या वऱ्हाडात सालदारीची चाल जुनी आहे. गुढीपाडव्यास साल ठरावयाचे, गड्याने उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत धन्याच्या दारी राबावयाचे. पोळ्याला त्याला नवे कपडे मिळत, गोडाचे जेवण मिळे. त्या नात्यात जिव्हाळा मुळीच नव्हता असे कोण म्हणेल? तथापि उचल फिटली नाही तर दुसरा पाडवाही त्याच दारी उजाडे. कर्जापायी माणूस बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले. पण जो कोठे जाऊ शकत नाही त्याच्या राहण्यास निष्ठा म्हणण्याची आपली सवय त्या कायद्याने गेली नाही. जाण्याची मोकळीक असूनही जो राहतो, त्याच्याच राहण्याला निष्ठा हे नाव शोभते.

आता कायद्याकडे पाहू. भविष्यनिर्वाह निधीचे बंधन सामान्यतः जेथे २० माणसे कामास असतील तेथे लागते. दुकानांच्या बाबतीत ग्रॅच्युइटीचे बंधन १० माणसांपासून लागते. आमच्या स्नेह्यांच्या दुकानी माणसे चार. तेथे दहा माणसे असती, तर ११ वर्षांच्या सेवेबद्दल त्या गड्यास जाताना सहा महिन्यांच्या वेतनाहून अधिक रक्कम हक्काने मिळाली असती. चारच असल्यामुळे काहीच मिळाले नाही. लहान धंद्यास हिशेबाच्या कागदांचा भार झेपत नाही म्हणून कायद्याने ही सूट दिली, हे योग्यच. परंतु कायद्याने मागितले नाही म्हणून देणे उरले नाही, असे मानणे हा तर्काचा नव्हे, सोयीचा निष्कर्ष होय. किंबहुना कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे सारा भार धन्याच्या विवेकावर पडतो. म्हणून लहान धनी मोठ्याहून अधिक बांधलेला आहे, असे आम्ही समजतो.

ह्यावर कोणी म्हणेल, पाऊस गेला की गिऱ्हाईक जाते आणि मग धन्यालाच काही उरत नाही. त्याने द्यावे कोठून? आक्षेप खरा आहे. पण देणे थोडे असले तरी चालेल, ते ठरलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे. २०१५ साली निघालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले असता अपघाती मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण मिळते; त्याच साली निघालेल्या अटल पेन्शन योजनेत चाळिशीच्या आतील माणसाच्या नावे दरमहा लहानशी रक्कम भरत गेल्यास साठीनंतर त्याला हजार ते पाच हजारांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू शकते. ज्याने दिवाळीला कपडे केले त्याला हे जड नव्हते. जड होते ते, आपण दिलेले दान नसून त्याचा हक्क आहे हे मान्य करणे.

सारे कागदावर आले म्हणजे माया आटेल, अशी भीती दुसरे कोणी घालतील. आम्हांस उलट वाटते. देणे चुकते केल्यावर जे दिले जाते, तेच खरे प्रेमाचे. देणे राखून ठेवून केलेल्या देणगीत उपकाराचा वास राहतो, आणि घेणाऱ्याला तो दात्याच्या आधी येतो.

आम्ही त्या दुकानदारांस एकच विचारले : “११ वर्षांत त्याची हक्काची रजा किती होती?” ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मागेल तेव्हा देत होतो.” घरच्या माणसाला रजा मागावी लागत नाही, हे त्यांच्या तत्क्षणी ध्यानात आले असावे, कारण पुढे ते बोलले नाहीत.

आम्हीही बोललो नाही. आमच्या घरी नऊ वर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाईंची हक्काची रजा किती, हे त्यांनी आम्हांस उलट विचारले असते, तर आमच्यापाशीही तेच उत्तर होते. त्या रात्री आम्ही वही काढली, आणि बाईंच्या नावापुढे पहिली ओळ लिहिली.