पाहणे आणि समोर उभे राहणे

फ्लॉरेन्स येथील सॅन मार्को हा डॉमिनिकन मठ १८६९ पासून संग्रहालय आहे. पंधराव्या शतकात कोसिमो दे मेदिची याच्या द्रव्यातून त्याची पुनर्बांधणी झाली, आणि त्याच संघाचा बंधू फ्रा अँजेलिको (मृत्यू १४५५) याने सहकाऱ्यांसह मठवासीयांच्या खोल्यांत ओल्या गिलाव्यावर चित्रे रेखाटली. एक खोली, एक खिडकी, एक चित्र. ही चित्रे लोकांनी येऊन पाहावीत म्हणून काढलेली नव्हती. खोलीत राहणाऱ्या बंधूने त्यांच्यासमोर प्रार्थना करावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो, तेव्हा मीही इतरांप्रमाणे प्रत्येक दारात क्षणभर डोकावून पुढे सरकत होतो. सातव्या खोलीशी मात्र पाय थबकले. तेथे ख्रिस्ताच्या उपहासाचे चित्र आहे. प्रभूच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हाती बोरू. भोवती मारणारे हात व एक थुंकणारे मुख. त्यांना शरीरच नाही. खाली मरिया बसलेली आणि संत डॉमिनिक ग्रंथ वाचण्यात मग्न. दोघांपैकी कोणीही वर पाहत नाही.

प्रभूला मार बसत असता हा मनुष्य वाचतो कसा, असा प्रथम रोष वाटला. मग ध्यानात आले की माझा व्यवसाय हाच आहे. त्या प्रसंगातील ‘थुंकणे’ आणि ‘बुक्क्या मारणे’ या शब्दांसाठी मी दिवसच्या दिवस पर्याय तोलले आहेत, आणि त्यानंतर निश्चिंतपणे चहाला उठलो आहे.

पवित्र गोष्ट कामाची सामग्री म्हणून हाताळणे हे पाप आहे काय? तसे म्हणता येणार नाही. शब्द तोलणारे नसते, तर शास्त्र आपल्या भाषेत आले नसते. संग्रहालय नसते, तर त्या खोलीत मला प्रवेश मिळाला नसता. कदाचित डॉमिनिकही पाठ फिरवून बसलेला नसेल. वरचे दृश्य तो ग्रंथातच पाहत असेल. दोष वाचण्यात नाही. ते हात कोणाचे, हा प्रश्न न विचारता वाचण्यात आहे. चित्रकाराने त्या हातांना धनी दिला नाही. समोर गुडघे टेकणाऱ्याला तेथे स्वतःचे हात ओळखू यावेत, असे मला वाटते.

परतल्यावर तोच उतारा पुन्हा तपासणीसाठी आला. लेखणी बाजूला ठेवून तो मी आधी एकदा मोठ्याने वाचला. शब्द एकही बदलला नाही. पण त्या दिवशी चहाला उठण्यास मला वेळ लागला.