ओठाखालची रेघ

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत एक आबा होते. त्यांची तूर शिवारात नावाजलेली. दिवाळी आटोपून तूर कळीवर आली की आबा रोज सकाळी धुऱ्यावरून आत शिरायचे, झाड वाकवून कळ्या उलटसुलट पाहायचे. अळीची खसखशीच्या दाण्याएवढी अंडी दिसली तरी त्या रात्री त्यांना झोप नसे. कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले, तेही ते मोजत.

घरात दोन नातवंडं. थोरला नऊ वर्षांचा. आदल्या उन्हाळ्यात त्याची मागची दाढ ठणकू लागली, तेव्हा "दुधाचीच हाय, पडंल" म्हणून घरच्यांनी लवंग धरायला लावली. दाढ दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कुणाला कळतही नाही. जन्मभर पुरायची ती दाढ शेवटी काढावी लागली.

धाकटी अडीच वर्षांची. आईबाप वावरात, म्हणून ती आजीजवळ. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायची. दिवसा घडोघडी चहात बुडवलेलं बिस्कीट. आजीची माया ती. लेकरू रडलं की तिच्या पोटात तुटायचं.

वजनाच्या दिवशी आबा नातीला अंगणवाडीत घेऊन गेले. ताईंनी तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं, वरचा ओठ हलकेच उचलला आणि स्वच्छ फडक्यानं दात टिपून कोरडे केले. ओल्या दातावर जे दिसत नव्हतं, ते कोरड्यावर उमटलं. हिरडीलगत खडूनं ओढावी तशी पांढरी रेघ.

"दूध लागलं असंन," आबा म्हणाले.

"पुसल्यावर बी रायली ना, आबा? कीड लागाच्या आधी दात असा पांढरा पडते."

"पण दुधाचे दात तं पडतेच."

"मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राह्यतात. तवरोक लेकरानं चावावं कशानं?"

आबा वाकले. तुरीच्या कळीवर वाकावं तसे. बराच वेळ पाहत राहिले, मग हळूच म्हणाले, "म्हंजे अळी अजून आत नाही गेली?"

"नाही गेली. आता सांभाळलं तं दात पुन्हा बळकट होते."

ताईंनी समजावून सांगितलं. गोडाच्या प्रत्येक घासागणिक तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. दिवसा लाळ ते धुऊन काढते. झोपेत लाळ आटते आणि बाटलीतलं गोड दूध दातांवर साचून राहतं. बाटली बंद. गोड द्यायचंच तर जेवणासोबत. दोन वेळा फ्लोराईडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच, मोठ्यांनी स्वतः घासायची आणि रात्री घासल्यावर फक्त पाणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, शाळेत एकदा; त्यांना हे दात दाखवायचे.

बाटलीवाचून पहिल्या तीन रात्री पोर झोपली नाही. आबा तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरले. आजी दाराशी बसून डोळे पुसत होती. एकदा बाटली भरून उठलीही. आबांनी ती हातातून घेतली, बोलले काही नाहीत. चौथ्या रात्री आजीनं नातीची पाठ खाजवत गोष्ट सांगितली आणि पोर गोष्टीतच झोपली. एवढा धीर धरणं हे कोणत्याही औषधाहून कठीण आहे, आणि तो आजीनं धरला.

पथक आलं, त्यांनी दात पाहिले, दातांवर फ्लोराईडचा लेप दिला. तूर सोंगून घरात आली तोवर रेघेचा खडबडीतपणा जाऊन तिथं पुन्हा चकाकी दिसू लागली होती.

आता रोज सकाळी आबा ओट्यावर उन्हात बसतात, नातीचं डोकं मांडीवर घेतात, ओठ उचलून फडक्यानं दात टिपतात. परवा थोरला दप्तर टाकून त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि त्यानं आपणहून तोंड उघडलं.

"आबा, दुसऱ्या बाजूची दाढ पाहा ना माही."