दुसरी शक्यता

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांनी वाचली असेल. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी या कथेत कानाजवळून निघून जाते आणि पानिपत मराठे जिंकतात. अशी जर-तरची कथा मनाला मोलाची सवय लावते. जे झाले, त्याहून वेगळेही होऊ शकले असते, हे ती मान्य करायला लावते.

आज ही सवय सर्वांत जास्त हवी ती दूर बसून पडद्यावर माणसे न्याहाळणाऱ्याला.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोन एका पांढऱ्या टोयोटावर सुमारे आठ तास नजर ठेवून होते. माणसे गाडीत काहीतरी भरताना दिसली. पाहणाऱ्यांना वाटले, स्फोटके. गाडी घराच्या अंगणात पोचली आणि क्षेपणास्त्र सुटले. दहा जण गेले, त्यांत सात मुले. गाडी चालवणारा मदतसंस्थेत नोकरीला होता आणि त्याने भरले होते ते पाण्याचे कॅन. घरी पाणी नेणारा माणूस ही गोष्टही त्याच चित्रात होती, पण संशय एकदा पक्का झाल्यावर ती कुणाला दिसली नाही. पुढे चौकशी अहवालाने सुचवले, की अशा निर्णयाच्या वेळी उलट प्रश्न विचारणारे कुणीतरी जवळ असावे.

आपल्या नाशिकमधल्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये दूरनियंत्रित विमाने चालवण्याचे शिक्षण दिले जाते. सीमा राखायची तर ही नजर लागतेच. म्हणूनच तंत्राच्या जोडीने उलट प्रश्न विचारण्याचे धैर्यही शिकवले गेले पाहिजे, आणि तो विचारणाऱ्याचा मान राखला गेला पाहिजे.

हे फक्त सैनिकांपुरते नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप येते. पार्सल देणारा मुलगा जिन्यात दोनदा घुटमळताना दिसतो आणि तासाभरात चोर ठरतो. तो कदाचित फ्लॅटचा नंबर शोधत असेल. हे ग्रुपवर लिहायला एक ओळ पुरते, पण सगळे एका सुरात बोलत असताना ती लिहायला हिंमत लागते. पुढची क्लिप येईल तेव्हा ती ओळ आपण लिहावी.