सोसल्याने अधिकार मिळतो का?

रॅगिंगचं समर्थन करणारा सहसा क्रूर नसतो. 'आम्हीही सोसलं, आमचं काही बिघडलं नाही, उलट त्यातूनच दोस्ती जमली,' असं तो मनापासून सांगतो. धारणीहून बारावी करून परतवाड्याच्या वाटेने अमरावती-अकोल्याला शिकायला जाणाऱ्या कोरकू मुलांसाठी हा युक्तिवाद तपासून पाहणं गरजेचं आहे, कारण होस्टेलात तो त्यांना अगदी सहज ऐकवला जाईल. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटनावर, 'इंट्रो दे' म्हटलं की नाव, गाव, बापाचा धंदा आणि बहुधा जातही. बोलण्यात कोरकूची लय आली तर हसायला आणखी एक निमित्त.

'दोस्ती जमली' ही साक्ष खोटी नसते, पण ती पुरावा म्हणून चालत नाही. १९५९ साली अ‍ॅरनसन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेण्याआधी लाजिरवाण्या परीक्षेतून जायला लावलं. काहींची परीक्षा सौम्य होती, काहींना सरळ प्रवेश. मग सगळ्यांना मुद्दाम रटाळ ठेवलेली एकच चर्चा ऐकवली. जिने जास्त सोसलं होतं तिला तीच चर्चा जास्त आवडली. एवढं सोसलं ते फुकट गेलं, हे मन कबूल करत नाही; म्हणून ते सोसण्यालाच किंमत चढवतं. तेव्हा पास होऊन गेलेल्या सिनियरची कृतज्ञता त्या छळाचं फळ असते, त्याचं समर्थन नव्हे. आणि ज्यांचं बिघडलं ते साक्ष द्यायला उरतच नाहीत. कोणी कॉलेज सोडून गावी परततो, कोणी जीवच गमावतो. २००९ मध्ये हिमाचलच्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन कचरू मारहाणीत गेला. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातल्या तरुण डॉक्टरने आयुष्य संपवलं. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिघी सहकारी डॉक्टरांवर ठेवला गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. धर्मातही दीक्षा कठीणच असते. मग कॉलेजने नवख्याला थोडं तावून घेतलं तर काय चुकलं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच वऱ्हाडात आहे. रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. तिथे दीक्षा घेणाऱ्याला कडक अहिंसा पाळावी लागते, पण दीक्षा देणारा त्याच व्रताने आधीच बांधलेला असतो. वारकऱ्याला तुळशीची माळ घालणाराही एकादशी आणि वारीपासून सुटलेला नसतो, आणि वारीत थोरला धाकट्याच्या पाया पडतो. खऱ्या दीक्षेत देणारा स्वतः नियमाखाली असतो आणि घेणाऱ्याच्या भल्याचा जबाबदार असतो. रॅगिंगमध्ये मात्र लादणारा मोकळा, जबाबदारी कोणाचीच नाही, आणि त्याची पात्रता एवढीच की तो एक वर्ष आधी आला. याला परंपरा म्हणणं परंपरेचा अपमान आहे.

'त्याने नाही म्हटलं नव्हतं,' हा तिसरा बचाव फार काळ टिकत नाही. ज्याच्या नोट्स, मेसमधली जागा आणि ड्युटीचे तास समोरच्याच्या मर्जीवर आहेत, त्याच्या गप्प राहण्याला होकार कसं म्हणायचं? घरापासून लांब, पहिल्यांदाच शहरात आलेल्याला तर नाही म्हणण्याची ताकदच उरलेली नसते.

कायदा हे ओळखतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली नाही, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आपल्या नियमांत जात, भाषा, जन्मस्थान आणि आर्थिक परिस्थितीवरून होणारा छळही रॅगिंगमध्ये घातला. कोरकूत बोलला म्हणून चिडवणं त्यातच येतं. पण कायदा तक्रारीनंतर जागा होतो. तक्रारीची वेळच येऊ नये हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या हातात आहे. गेल्या वर्षी ज्यांनी सोसलं, त्यांनी या जुलैत नव्या मुलाला खोली दाखवावी, मेसमध्ये आपल्या शेजारी बसवावं आणि १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर त्याला स्वतःहून लिहून द्यावा.