मोटर खोलणारे हात लॅपटॉपपाशी का थांबतात?

उसाच्या पट्ट्यात मोटर जळणं नित्याचं आहे. नीरेकाठच्या बावड्यात, इंदापूर तालुक्यातल्या इतर गावांसारखंच, उसाचं पाणी विहिरीवरच्या, बोअरवरच्या नाहीतर नदीवरच्या मोटरीच्या भरवशावर चालतं. व्होल्टेज घसरलं किंवा तीनपैकी एक फेज गेला की वायंडिंग तापतं आणि जळतं. पण मोटर बंद पडली म्हणून कुणी लगेच नवी आणायला धावत नाही. आधी फ्यूज बघितला जातो, मग स्टार्टरचे पॉइंट, मग केबलचा जॉइंट. एवढ्यावर भागलं नाही तरच मोटर वर निघते आणि रिवायंडिंगच्या दुकानात जाते. घरी काय करायचं आणि कारागिराकडे काय न्यायचं, याची रेघ इथल्या शेतकऱ्यानं अनुभवातून आखून घेतली आहे.

त्याच घरातला लॅपटॉप बंद पडला की ती रेघच दिसेनाशी होते. मशीन पिशवीत घालून अकलूजला किंवा इंदापूरला न्यायचं, तिथे जमलं नाही तर बारामतीला, आणि तरीही निभावलं नाही तर दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या पुण्याला. दुकानदार म्हणाला ‘बोर्ड गेलाय’, तर उलटा प्रश्न विचारण्याइतकी माहिती गिऱ्हाइकापाशी नसते. आठवडाभर यंत्र दुकानात पडून राहतं आणि घरातलं काम अडतं. शहरातल्या माणसाला ही गैरसोय वाटेल. गावात अभियांत्रिकीच्या मुलाचं सबमिशन, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, सेवा केंद्रातले दाखले, पीक विम्याची नोंदणी अशी किती तरी कामं एकाच यंत्रावर चाललेली असतात. म्हणून लॅपटॉपची प्राथमिक दुरुस्ती ग्रामीण घराला यायलाच हवी, आणि ती करता येईल असं यंत्र मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानला गेला पाहिजे.

नेहमीच्या तक्रारी तपासल्या तर त्यांतल्या कितीतरी मोटरीपेक्षा सोप्या निघतात.

सगळ्यात आधी उष्णता. लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो, मशीन मध्येच बंद पडतं. गाळप हंगामात रस्त्यावरचा फुफाटा, जाळलेल्या पाचटाची काजळी आणि बारीक तूस हवेत असते. ती पंख्याकडून आत ओढली जाते आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पात्यांवर साचते. हवा अडली की प्रोसेसर तापतो. स्वतःला वाचवण्यासाठी तो आधी वेग कमी करतो आणि शेवटी बंद होतो. मालकाला वाटतं, मशीन जुनं झालं. प्रत्यक्षात मागचं झाकण काढून, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवून, मऊ ब्रशनं आणि हवेच्या छोट्या फुंकणीनं धूळ काढली की बहुतेक वेळा काम होतं. पाती मोकळी ठेवून जोराची हवा मारली तर पंखा भलत्या वेगानं फिरतो आणि त्याचं बेअरिंग बिघडू शकतं. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची.

दुसरी तक्रार, लाइट लागतो पण स्क्रीन काळीच. इथे पुष्कळदा रॅमचा संपर्क सुटलेला असतो. दोन्ही बाजूंच्या क्लिपा अलगद बाहेर सारल्या की पट्टी तिरकी वर येते. तिचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबरानं पुसायचे, कण झटकायचे आणि पट्टी पुन्हा नीट दाबून बसवायची. तिसरी तक्रार संथपणाची. जुन्या मशीनमध्ये फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची एसएसडी बसवली की दहा वर्षांचं यंत्रही दैनंदिन कामाला चपळ होतं. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला असेल, तर आधी माहितीची प्रत काढणं भाग आहे. चार्जिंग होत नसेल तेव्हाही संशय आधी चार्जरवर घ्यावा. दुसरा चार्जर लावून पाहताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत आणि पिन त्याच मापाची हवी. यूएसबी-सी चार्जर लॅपटॉपशी बोलून व्होल्ट स्वतः ठरवतो, तिथे वॅट पुरेसे आहेत का एवढंच पाहायचं.

या सगळ्याला लागणारी हत्यारं थोडी आहेत: बारीक फिलिप्स आणि टॉर्क्स पेचकस, झाकण सोडवायला प्लास्टिकची पट्टी, ब्रश. शिस्त मात्र हवी. चार्जर काढायचा, यंत्र पूर्ण बंद करायचं, झाकण उघडताच बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. उघडलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर चित्र काढून त्या त्या जागी चिकटवायचं, कारण चुकीच्या भोकात गेलेला लांब स्क्रू बोर्डात घुसतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला की जोडताना गोंधळ होत नाही.

आणि कुठे थांबायचं हेही माहीत हवं. टचपॅड वर उचललं गेलं, झाकण नीट बसेना, तळ फुगला, तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे असं समजावं. ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. चिकटवलेली फुगीर बॅटरी चाकूनं उचकटणं हे घरचं काम नव्हे. ते जाणत्या कारागिराकडेच गेलं पाहिजे. काढलेली बॅटरी घंटागाडीत किंवा भंगारात टाकायची नाही, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. चहा सांडला तर वीज ताबडतोब तोडायची, यंत्र उलटं ठेवायचं आणि सुरू करून पाहण्याचा मोह आवरायचा. तांदळाच्या डब्यात ठेवून आतले क्षार जात नाहीत. बोर्डवरचा चिप, स्क्रीनचं पॅनेल, चार्जिंग सॉकेटचं सोल्डरिंग ही कामं दुकानाचीच. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात.

इतकं सोपं असेल तर हात का थांबतात? भीती हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं कारखान्यात तयार होतं. २०१२ साली अ‍ॅपलनं रेटिना डिस्प्लेचा मॅकबुक प्रो आणला तेव्हा त्यात रॅम बोर्डवर पक्की जोडलेली आणि बॅटरी गोंदानं चिकटवलेली होती. आयफिक्सिट या संस्थेनं दुरुस्तीसुलभतेत त्याला दहापैकी एक गुण दिला. तोच कित्ता पुढे अनेक पातळ लॅपटॉपांनी गिरवला. रॅमचा किरकोळ बिघाड मग संपूर्ण बोर्डाच्या खर्चात बदलतो. कंपन्या याचं समर्थन पातळपणा, वजन आणि मजबुतीच्या नावानं करतात, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण दुसरा मार्ग शक्य आहे हे त्याच उद्योगानं दाखवलं आहे. नीरव पटेल यांनी सुरू केलेल्या फ्रेमवर्क कंपनीचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला. त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग ग्राहकाला बदलता येतो. २०२४ मध्ये लेनोवोनं आयफिक्सिटच्या सल्ल्यानं घडवलेल्या थिंकपॅड टी-१४ ला दहापैकी नऊ गुण मिळाले. म्हणजे अडचण अभियांत्रिकीची नाही, इच्छेची आहे.

भारतात हा वाद नवा नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिलं झाली, पण तत्त्व मांडलं गेलं: वस्तू विकल्यावर तिच्या दुरुस्तीची मक्तेदारी विक्रेत्याकडे राहू नये. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकाची चौकट सुचवणारा अहवाल सादर झाला. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर असा दहापैकी गुण छापावा लागतो. युरोपीय संघाच्या नव्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे पोर्टल आहे, अहवाल आहे. दुकानातल्या खोक्यावर गुण छापण्याचं बंधन अजून यायचं आहे.

पर्यावरणाचा हिशेबही याच बाजूला झुकतो. ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यातलं बहुतांश कार्बन उत्सर्जन तो तयार होतानाच झालेलं असतं. त्यामुळे तो आणखी तीन वर्षं चालवणं ही सर्वांत सोपी बचत ठरते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. हार्डवेअर धडधाकट असूनही विंडोज ११ न चालणारी कितीतरी यंत्रं त्यामुळे अडगळीत जाण्याच्या बेतात आहेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवली की शाळेचं, कार्यालयाचं बरंचसं काम चालतं.

माहितीचीही तूट आहे. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या अनेक मॉडेलांच्या दुरुस्ती पुस्तिका खुल्या ठेवतात, स्क्रूच्या जागांसह. बावड्यातल्या मुलाला त्या फोनवर उतरवून घेता येतात, पण मराठीत वाचता येत नाहीत. २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटीनं राज्यातल्या लाखो लोकांना संगणक वापरायला शिकवलं. त्याचं झाकण उघडायला शिकवणं हे त्या अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट नव्हतं. आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा ट्रेड आहे. तिथलं ज्ञान वर्गाबाहेर, गावच्या शाळेपर्यंत आलं पाहिजे.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायचं कारण नाही. शाळा-महाविद्यालयांनी आपल्या बंद पडलेल्या मशीनपैकी एक टेबलावर ठेवावं आणि आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली, बॅटरी आधी काढून, ते खोलून पुन्हा जोडू द्यावं. आयटीआयनं वर्षातून दोन दिवस गावात दुरुस्तीचं शिबिर घ्यावं. ग्रामपंचायतीनं ई-कचरा आणि जुन्या बॅटऱ्यांसाठी एक बंद पेटी ठेवून ती अधिकृत संकलकाकडे पोहोचती करावी. आणि नवा लॅपटॉप घेताना प्रत्येकानं दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: रॅम आणि डिस्क बदलता येते का, बॅटरी स्क्रूनं बसवली आहे की गोंदानं, आणि या मॉडेलचे सुटे भाग इथे मिळतील का. नाही असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवून दुसरं मॉडेल मागावं.